अडीच फुटांची वाट

आभाळ कोरं आहे.

या सगळ्याच फोटोंत आभाळ कोरं आहे. ढग नाही, घार नाही, लांबवर उतरणाऱ्या सरीची निळसर रेघही नाही. त्या काळच्या फोटोच्या काचेला निळ्या रंगाची फार हाव. निळं दिसलं की ती ते ओसंडून पिऊन घ्यायची, आणि कागदावर तिथे नुसतं पांढरं उरायचं. लाल मात्र तिच्या डोळ्यांना दिसतच नसे. लाल मुंडासं काळं उमटे. लाल लुगडं काळं. कपाळावरचं कुंकू काळं.

सोलापूरकडचं आभाळ, आणि असं रिकामं. ज्या आभाळाकडे पाहता पाहता पिढ्यांच्या माना दुखल्या, त्याची कागदावर एवढीच नोंद.

त्या पांढऱ्याखाली तू उभी आहेस.

बुटकी. काळी. रुंद खांद्यांची. आठ चाकं एकमेकांना जोडलेली, त्यांच्या मागे लहान चार. लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलीस, समुद्रावरून आलीस आणि बाभळींच्या रानात उतरलीस. तुझ्या पायाखाली अडीच फुटांवर मांडलेले दोन हलके रूळ. त्यांच्यामधून दोन माणसांना खांद्याला खांदा लावून चालता येणार नाही, इतकी अरुंद वाट. कागदोपत्री तुझं नाव बार्शी लाइट रेल्वे. मुलखातले लोक बार्शी लाइट म्हणायचे. रुळांच्या कडेला ज्यांचं रान होतं, ते नुसतं 'गाडी' म्हणायचे. दुसरी होतीच कुठे?

आता रूळ नाहीत. तूही नाहीस. हा कागद आहे.

१८९७ साली तू बार्शी रोडहून बार्शीला आलीस. बार्शी रोड म्हणजे आपली कुर्डुवाडी. १९०६ला पंढरपूरकडे वळलीस. पुढे बालाघाट चढून मोगलाईत, निजामाच्या मुलखात, शिरलीस आणि १९११ला लातूर गाठलंस. मिरजेला पोचायला १९२७ उजाडलं. सगळी मिळून जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटरांची तू, आणि त्या सव्वातीनशे किलोमीटरांत सगळ्यांत मोठी नदी भीमा, बाकी बहुतेक ओढे, ज्यांच्यावरचे दगडी पूल वर्षातले आठ महिने वाळूवर आपलीच सावली टाकून बसलेले.

फोटो बहुतेक पुलांचेच आहेत. पुलांचे, इंजिनांचे, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपचे, रंग नुकताच वाळलेल्या डब्यांचे. खाली इंग्रजीत, काळ्या शाईत, तिरक्या लांब अक्षरांत पुलाचं ठिकाण, गाळ्यांची संख्या, साल. अक्षर सुरेख आहे. लिहिणाऱ्याने टाक बुडवून, सावकाश लिहिलं असणार.

पुलाखाली माणसं उभी आहेत. दहा-बारा. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या खांद्यावर फावडं, एकीच्या डोक्यावर अजून पाटी तशीच. 'तसेच उभे राहा' असं कुणीतरी म्हटलं असेल, आणि ती तशीच उभी राहिली. डोक्यावरची पाटी उतरवावी की नाही, हे तिला कुणी सांगितलं नसेल.

त्यांची नावं लिहिलेली नाहीत.

पूल कळावा म्हणून ती उभी आहेत. कमान केवढी, हे पाहणाऱ्याला समजावं म्हणून. माणसाच्या उंचीने दगडाची उंची मोजायची, एवढंच त्या दुपारी त्यांच्याकडून हवं होतं. आणि तीही किती नीट उभी राहिली. अंग चोरून नाही, ऐटीतही नाही. उन्हात डोळे बारीक करून. जणू थोड्या वेळाने पुन्हा कामाला लागायचंच आहे.

माझ्या आजीचे वडील या लाईनीवर गँगमध्ये होते.

त्यांचा फोटो आमच्या घरात नाही. कुणाच्याच घरात नाही. आजीच्या बोलण्यातून मला ते जेवढे मिळाले तेवढेच: उंच होते, बोलायचे कमी, पहाटे हातोडा घेऊन रूळ ठोकत जायचे, आवाजावरून रुळाचं दुखणं ओळखायचे, आणि डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं, ते स्लीपरखाली गेलेलं. ओळखायची खूण म्हणून माझ्यापाशी हे अर्धं बोट आहे.

म्हणून मी पुलाकडे पाहत नाही. मी हात पाहतो.

प्रत्येक फोटोत, पहारीवर आवळलेला, कमरेवर टेकलेला, धोतराच्या सोग्यात अर्धा लपलेला प्रत्येक डावा हात. भिंग जवळ नेतो. हात मोठा होतो. आणखी जवळ नेतो. मनगट येतं, मुठीची सावली येते, आता बोटं येणार, आता येणार, आणि नेमकं तिथे हात विरघळतो. बोटांच्या जागी चांदीचे दाणे दिसू लागतात, काळे करडे दाणे, दाण्यांमध्ये कागद, कागदात धागे. माणूस संपतो आणि खडी सुरू होते.

भिंग मागे घेतलं की तो पुन्हा उभा.

जवळ गेलं की नाहीसे होतात, असे हे लोक. बारा जणांतला कुणीही ते असतील. बाराही जण नसतील. मी त्या सगळ्यांनाच थोडं थोडं पणजोबा म्हणून घेतलं आहे. त्यांनी कुणी हरकत घेतलेली नाही.

तुला आखणाऱ्याचं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त ओझं पडता कामा नये, हा त्याचा हिशोब. हलक्या रुळाने मोठा भार वाहावा, पण कुठल्याही एका जागी तो फार जड होऊ नये. सुंदर हिशोब आहे. हे मी मनापासून म्हणतो. तुझ्या अंगावरची प्रत्येक रेषा त्या काळजीतून आलेली दिसते. पुढे याच माणसाने विमानातून उडी घेणाऱ्यासाठी पॅराशूट घडवलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं. जमिनीवर भार कसा अलगद टेकवावा, याचा विचार करत करत तो आभाळापर्यंत गेला. तू मिरजेला पोचलीस त्याच वर्षी, १९२७ला, तो गेला.

तुझी एक बहीणही होती, ठाऊक आहे तुला? तशीच अडीच फुटांची, त्याच माणसाने आखलेली, इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या दरीतून जाणारी. लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ला सुरू झाली आणि १९३४ला थांबली. तीसच वर्षं जगली. तिच्या वाटेवर आता लोक पायी फिरायला जातात. तिला हिरवळ मिळाली. तुला काळी माती मिळाली आणि शंभरावर वर्षं मिळाली.

वारीचा फोटो.

हा मी सगळ्यात कमी वेळ पाहू शकतो.

आषाढ आहे, म्हणजे ढग असणारच, पण काचेने ते घेतलेले नाहीत. गाडी दिसत नाही, इतकी माणसं. डब्यांत, डब्यांवर, मालाच्या उघड्या वाघिणींत उभी, वाघिणीच्या कडेवर पाय सोडून बसलेली, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर एक पाय इकडे एक तिकडे ठेवून. धान्य वाहायची वाघीण आज माणसं वाहते आहे. मुंडासी, पताका, बोचकी, वीणेचा भोपळा, कुणाच्या काखेतलं मूल, आणि कुणीतरी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं तुळशीवृंदावन. इतक्या रेटारेटीत तुळशीच्या पानालाही धक्का लागलेला नाही.

आवाज नाही.

एवढी माणसं आणि आवाज नाही. टाळ आहेत, हातात स्पष्ट दिसतात, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. ते अंतर गेल्या शंभर वर्षांत मिटलेलं नाही. मृदंगावर हात आहे. तोंडं उघडी आहेत, सगळ्यांची एकाच आकारात उघडी, म्हणजे एकच अक्षर चाललं असणार, आणि ते अक्षर कोणतं हे मला ठाऊक आहे, महाराष्ट्रातल्या कुणालाही ठाऊक असेल. तरीही कागदाला कान लावला तर नुसता कागद ऐकू येतो.

पांडुरंग त्यांना भेटला असेल. गर्दीत हरवलेले एकमेकांना भेटले असतील, नसतीलही. परतीच्या गाडीचा फोटो कुणी काढलेला नाही.

लाईनीच्या कडेने तेव्हा पुष्कळ काही उभं राहत होतं, आणि काही आधीपासूनच उभं होतं. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकरांनी १८७५ला सुरू केलेलं घर होतं, प्रार्थना समाजाचं. जगाने ज्यांना तोंड लपवायला लावलं त्या बायांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल जगावं. विठ्ठलाच्या गावात, देवळापासून दूर नाही. मिरजेत डॉक्टर वान्लेसांचं मिशन इस्पितळ होतं, १८९४चं. खेड्यापाड्यांतून बैलगाडीने, डोलीने, आणि पुढे तुझ्या डब्यातल्या लाकडी बाकावर आडवे होऊन आजारी माणसं तिथे यायची. डोळ्यांवर पट्टी बांधलेली जाताना. पट्टी सुटलेली येताना.

अशा जागांचे सामुदायिक फोटो असतात. ते सगळे एकाच घडणीचे. मधल्या रांगेत खुर्च्या. मागे उभे असलेले. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेले. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं डावीकडून उजवीकडे नीट छापलेली असतात. उभ्यांची कधी असतात, कधी नसतात. खाली बसलेल्यांची बहुधा नसतातच. आणि एखाद्या फोटोच्या अगदी कडेला, दाराच्या अंधारात, फोटोसाठी न बोलावलेली एक बाई उभी असते, हातात झाडू किंवा बादली, अर्धी आत अर्धी बाहेर. ती सगळ्यांत जिवंत दिसते. तिने श्वास रोखलेला नसतो.

तिने किती कॉट पुसल्या. किती पाळणे हलवले.

तिच्या चेहऱ्यावर उजेड नाही, पायावर आहे. उंबऱ्यावरून आत आलेली उन्हाची एक चौकट, त्यात दोन पावलं. टाचा भेगाळलेल्या. या सगळ्या संचातलं सर्वांत स्पष्ट काही असेल तर त्या दोन टाचा. भिंग कितीही जवळ नेलं तरी त्या विरघळत नाहीत.

मिरज, आरग, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी, शेंद्री, बार्शी, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, हरंगुळ, लातूर: ही नावं एका श्वासात म्हणता येतात का ते मी कधी कधी पाहतो, रात्री झोप येत नसली की, आणि म्हणता म्हणता ती नावं राहत नाहीत, तू चालू लागतेस, कंदिलांच्या तेलाचा वास येतो, बाकाच्या फळ्यांमधून वारा मांडीला लागतो, खिडकीबाहेर शाळवाचं रान दवाने भिजलेलं, करडईची काटेरी पिवळी शेतं, बाभळीवर टांगलेली सुगरणींची घरटी, स्टेशनच्या पाटीखाली घोंगडी पांघरून बसलेला कुणी एक, जो गाडीत चढत नाही, उतरणाऱ्यांकडे पाहतो आणि गाडी सुटली की उठून जातो, येडशीच्या चढावर तू धापा टाकत इतकी हळू होतेस की रुळाकडेच्या दगडांची ओळख पटावी, हा मघाचाच, हा त्याच्या पुढचा, आणि चढ संपताना इंजिनातून एक लांब सुस्कारा सुटतो, जो मी कुठल्याही फोटोत पाहिलेला नाही पण जो नसता तर हे सगळे फोटो खोटे ठरले असते.

मग पुन्हा काही नाही. पंखा. रात्र.

बार्शीपर्यंत इंग्रजी अंमल, येडशीपासून मोगलाई. तुझ्या रुळांनी ती हद्द रोज ओलांडली. फोटोत हद्द कुठेच दिसत नाही. अलीकडे-पलीकडे तीच काळी माती, तीच बाभूळ, तेच कोरं आभाळ. १९४८ला ती हद्द पुसली गेली. १९५४ला सरकारने तुला विकत घेतलं, आणि तुझ्या अंगावरची कंपनीची अक्षरंही पुसली गेली. तू चालत राहिलीस. वाफ गेली, डिझेल आलं. तू चालत राहिलीस.

मग एकविसावं शतक लागलं आणि पहिल्या दहा-अकरा वर्षांत तुला एकेका तुकड्याने उचललं. आधी पंढरपूरचा फाटा, मग लातूरकडचा, शेवटी मिरजेचा. मोठी लाईन आली. तिने मुलूख जोडला. हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण चांगलं झालं म्हणून जे गेलं ते गेलं नाही असं होत नाही. शोक करायला अन्याय व्हावाच लागतो, असं थोडंच आहे? म्हातारं माणूस वेळेवर गेलं तरी घर रिकामं होतंच.

कुठेतरी अजून तुझ्या बांधाची रेघ आहे. मोठ्या लाईनीपासून जरा बाजूला, वळणावर, जिथे नवी वाट सरळ गेली आणि तू वळून गेली होतीस. जमिनीला आलेला एक अस्पष्ट उंचवटा. त्यावर तरवड उगवला आहे. पावसानंतर दोन दिवस तिथलं गवत शेजारच्यापेक्षा वेगळं हिरवं दिसतं, आणि त्या हिरव्यात तुझं वळण मला पुन्हा वाचता येतं. मग ऊन चढतं. सगळं एकाच रंगाचं होतं.

फोटोही चालले आहेत.

कडेने कसर लागली आहे. पुठ्ठा फुगला आहे. चेहरे आधी जातात, कारण ते उजळ असतात. उजळ भाग आधी पिवळा पडतो आणि मग कागदात मिसळून जातो. काळं मात्र वेगळ्या तऱ्हेने जातं. कागद जरा तिरपा धरून खिडकीशी न्यावा: जिथे सगळ्यांत गडद अंधार होता, इंजिनाच्या पोटाशी, कमानीखाली, मुंडाशांच्या घड्यांत, तिथे निळसर रुपेरी झाक वर आलेली दिसते. कागदातली चांदी आहे ती. शंभर वर्षं आत कोंडलेली, हळूहळू पृष्ठभागावर येत असलेली. कागद सरळ केला की काळं. तिरपा केला की लखलखतं. पुलाखालच्या त्या पाटीवाल्या बाईच्या कपाळावरचं काळं कुंकूही असंच एका कोनात, क्षणभर, पांढऱ्या उजेडाचं होतं.

मी तो कोन पुन्हा पुन्हा शोधतो.

तू गेलीस त्याच्या काही वर्षांनंतरची गोष्ट तुला सांगायची राहिली. २०१६चा उन्हाळा. लातूरला पाणी नव्हतं. नळ कोरडे, विहिरी कोरड्या, मांजरा धरणात चिखलही उरला नव्हता. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तुझीच वाट, फक्त रुंद झालेली, आणि मध्ये तुझ्या काळी बाजूला राहिलेलं उस्मानाबाद घेऊन गेलेली. १२ एप्रिलला ती पोचली. मिरजेच्या कृष्णेचं पाणी, तीनशेहून जास्त किलोमीटरांवरून, तू दगड मोजत मोजत चढायचीस त्या मुलखात. मग कित्येक आठवडे ती येत राहिली.

तिचे फोटो निघाले. रंगीत. हजारो. त्यांत आभाळ निळं आहे, आणि तितकंच रिकामं.

त्या फोटोंतही गाडीजवळ माणसं उभी आहेत. पाइप धरलेली, व्हॉल्व्हवर वाकलेली, अंगावर उडालेलं पाणी हाताने पुसणारी. शंभर वर्षांनी कुणी भिंग घेऊन बसेल. कुणाच्या तरी आजीचे वडील शोधत.

म्हणून आता तुला नाही, वाचणाऱ्याला सांगतो.

तुमच्या घरी पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, एखाद्या संस्थेच्या बंद खोलीत असा एखादा फोटो असेल. शाळेचा, गिरणीचा, धरणाचा, दवाखान्याचा, पुलाचा, स्टेशनचा. तो उद्या काढा. घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस जागं आणि निवांत असेल तेव्हा त्याच्याजवळ घेऊन बसा. खुर्च्यांवरच्यांना सोडून द्या, त्यांची नावं कुठेतरी मिळतील. मागच्या रांगेवर बोट ठेवा. सतरंजीवरच्यांवर ठेवा. दारातल्या बाईवर ठेवा. 'ही कोण?' म्हणून विचारा, आणि जे नाव येईल, अर्धं आलं तरी अर्धं, टोपणनाव आलं तर टोपणनाव, गावाचं नाव आलं तर गावाचं, ते फोटोच्या मागे लिहून ठेवा. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई नको, ती कागदातून पुढे उतरते आणि चेहरा खाते.